कॅनॉपीचं दार आपोआप खाली येतंय? पिकअपच्या गॅस स्ट्रटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गॅरेज रत्नागिरीच्या बाजूला, खाडीलगत. मार्च ते मे आंब्याच्या पेट्यांचे पिकअप आणि बाकीच्या दिवसांत मिरकरवाड्याहून मासळी उचलणाऱ्या गाड्या, असं आमचं काम. टपाचं, म्हणजे हौद्यावर बसवलेल्या फायबरच्या कॅनॉपीचं मागचं दार वर धरून ठेवणारे दोन बारीक काळे दांडे, म्हणजेच गॅस स्ट्रट, कुणाच्या लक्षातही नसतात. पेट्या उतरवताना दार मानेवर येतं तेव्हा मात्र त्यांची आठवण होते. असं दुखणं घेऊन आलेली माणसं आम्ही पाहिली आहेत, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र उत्तरांसह मांडले आहेत.

गॅस स्ट्रट म्हणजे नक्की कोणता भाग? चाकाचा शॉकअप आणि हा एकच का?

नाही. गॅरेजात याला कुणी डिकीचा शॉकर म्हणतं, कुणी नुसतं हायड्रॉलिक, त्यामुळे घोटाळा होतो. चाकाचा शॉकअप धक्के जिरवतो. गॅस स्ट्रटचं काम ढकलण्याचं. बंद नळकांड्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, त्यात थोडंसं तेल असतं आणि एका टोकातून गुळगुळीत दांडा बाहेर येतो.

आत पिस्टन असतो आणि त्याला बारीक भोक असतं, त्यामुळे पिस्टनच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच राहतो. मग दांडा बाहेर का ढकलला जातो? कारण एका बाजूला दांड्याने जागा अडवलेली असते. दाब सारखा, पण ढकलायला मिळणारी जागा एका बाजूला कमी. जो फरक उरतो तो दांड्याच्या जाडीएवढा, आणि तीच स्ट्रटची ताकद. तेलाची कामं दोन: दार शेवटच्या टप्प्यात सावकाश थांबवणं आणि सील ओलं ठेवणं. हे दुसरं काम पुढे बऱ्याच उत्तरांत येईल.

आत स्वयंपाकाचा गॅस असतो का? पेट घेईल का?

नायट्रोजन पेटत नाही. तो कोरडा असतो आणि आतल्या लोखंडाला गंजवत नाही, म्हणूनच वापरतात. धोका आगीचा नाही, दाबाचा आहे. ८ मिलिमीटर दांड्याचा ४०० न्यूटनचा स्ट्रट घेतला तर आत साधारण ८० बार दाब असतो, म्हणजे ११०० पीएसआयच्या पुढे. मोटारीच्या टायरात आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो, त्याच्याशी ताडून पाहा. म्हणून नळकांड्याला भोक पाडणं, कापणं, वेल्डिंग करणं किंवा शेगडीजवळ ठेवणं, यातलं काहीही करू नका.

घाटावरच्या पाहुण्यांच्या गाडीचे स्ट्रट वर्षानुवर्षं टिकतात, आमचे लवकर जातात. मालच खराब येतो का?

माल कधीकधी खराब असतोही, पण खरं कारण खारा वारा आहे.

स्ट्रट मरतो तो बहुतेक वेळा दांड्याच्या पृष्ठभागावर. दांडा आरशासारखा गुळगुळीत असतो आणि रबरी सील त्याला घट्ट बिलगून असतं. मिठामुळे त्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके पडतात. पुढे दार उघडताना-मिटताना तो खरखरीत ठिपका प्रत्येक वेळी सीलच्या ओठावरून घासत जातो. सील कापलं की आधी तेल झिरपतं आणि मागोमाग गॅस निघून जातो. एकदा हे झालं की इलाज नाही.

आता यातली गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. लोकांना वाटतं, पावसाने गंज येतो, आपला स्ट्रट तर टपाच्या आत, कोरड्यात आहे. उलट आहे. गाडीच्या बाहेरच्या अंगावर बसलेलं मीठ पाऊस धुऊन नेतो. आपल्याकडे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, बाहेरच्या पत्र्याला सतत अंघोळ होत असते. टपाच्या आडोशाला असलेल्या दांड्यावर मात्र खारी हवा पोचते आणि पावसाचा थेंब पोचत नाही. तिथलं मीठ तसंच बसून राहतं. घरातल्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात कसं पाघळतं? दांड्यावरच्या मिठालाही तसंच पाणी सुटतं आणि बाहेर सगळं कोरडं दिसत असताना दांडा आतल्या आत ओला राहतो.

मासळीच्या गाडीत याची भर पडते. बर्फाचं वितळलेलं पाणी, पाटीतून सांडलेलं खारं पाणी, ओल्या हातांनी धरलेलं दार, सगळं दांड्याच्या खालच्या टोकाशी जमतं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीतून रोज जाणाऱ्यांच्या गाडीवर तुषार उडतात ते वेगळेच. आणि कर्दे-मुरुडच्या पुळणीवर हौसेने गाडी घालणाऱ्यांना तर आम्ही हात जोडून सांगतो की घरी परत गेल्यावर आधी गाडी धुवा, जेवण मागाहून.

मग देखभाल म्हणजे करायचं तरी काय?

गोडं पाणी आणि कोरडं कापड, बस. आठवड्यातून एकदा दार पूर्ण उघडा, म्हणजे दांडा सगळा बाहेर येतो. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने दांडा वरपासून खालपर्यंत पुसा, लगेच कोरड्या कापडाने पुन्हा पुसा. मासळीची गाडी असेल तर हे रोज, हौदा धुताना. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने पुसून उपयोग नाही, नळाचं घ्या.

सीलवर प्रेशरचा फवारा थेट मारू नका, मीठ आणि रेती आत ढकलली जाते. खरखरीत घासणी, सँडपेपर, भांडी घासायची तारेची चोथी, यातलं काहीही दांड्याला लावू नका. आणि गाडी रंगवायला देताना स्ट्रट काढून घ्यायला सांगा. दांड्यावर रंगाचा एक शिंतोडासुद्धा सील फाडायला पुरतो.

पावसाळी मासेमारी बंदीत गाडी दोन-दोन महिने दारात उभी राहते. तेव्हाही आठवड्याला दोन-तीन वेळा दार उघडून मिटत जा, म्हणजे सीलवर तेल फिरतं.

दांड्याला ग्रीस लावलं तर गंज चढणार नाही ना?

असं वाटणं साहजिक आहे, आणि बरेच जण लावतातही. लावू नका. आपल्याकडे जांभ्याची तांबडी धूळ हवेत कायम असते. ग्रीसवर ती चिकटते, पेंढ्याचा कोंडा चिकटतो आणि सीलपाशी पॉलिश पेपर तयार होतो. गंज सोडवायच्या स्प्रेचंही तेच: तो सीलजवळचं मूळचं तेल पातळ करून धुऊन नेतो. दांड्याला हवी असलेली तेलाची झिल्ली आतूनच येते.

ग्रीसची जागा दुसरी आहे. दोन्ही टोकांना बॉल आणि सॉकेट असतात, तिथे धातूवर धातू फिरत असेल तर मुगाच्या दाण्याएवढं लिथियम ग्रीस पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास लावा. टोकं प्लॅस्टिकची असतील तर ग्रीसची गरज सहसा लागत नाही.

सकाळी दार खाली येतं, दुपारी व्यवस्थित राहतं. हे काय गौडबंगाल?

गौडबंगाल नाही, हवामान आहे. थंडीत गॅसचा दाब कमी होतो, उन्हात वाढतो, दर १० अंशांना साधारण साडेतीन टक्के. स्ट्रटवर छापलेला आकडा २० अंशांचा असतो. ४०० न्यूटनचा स्ट्रट, समजा, आंबोलीत थंडीच्या पहाटे १० अंशांवर ३८५च्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात बंद टपाखाली ६० अंशांपर्यंत तापला तर ४५०च्या वर जातो. नवा स्ट्रट हा फरक सहज पेलतो. काठावर आलेला असेल तर पहाटे उघडा पडतो.

म्हणून स्ट्रट तपासायचा तर पहाटे तपासा. दार अर्धं उघडून हात सोडायला तयार राहा, पण डोकं खाली घालू नका. दार आहे तिथे थांबलं किंवा सावकाश वर गेलं तर ठीक. हळूहळू खाली यायला लागलं तर दिवस भरले.

गेल्याची दुसरी कोणती खूण?

दांड्याच्या मुळाशी तेलाचा काळपट ओशटपणा आणि त्यावर बसलेली धूळ. दांड्यावर नखाला लागणारा खडबडीतपणा. दांडा किंचित वाकलेला. एका बाजूचं दार आधी वर जाऊन दुसरी बाजू मागे राहणं. यातलं काहीही दिसलं तरी बदलायची तयारी करा.

एकच गेलाय, एकच बदलू का?

दोन्ही बदला. एक नवा आणि एक थकलेला असेल तर नव्या बाजूने दार जोरात ढकललं जातं, दुसऱ्या बाजूने ओढ राहते, आणि हा पीळ बिजागरीवर आणि फायबरवर पडतो. काचेचं दार असेल तर काचेवरही. शिवाय दोघांनी खारी हवा सारखीच खाल्लेली असते, दुसऱ्याचे दिवसही फार उरलेले नसतात.

किती ताकदीचा घ्यायचा?

सगळ्यात सोपं: जुन्यावर आकडा छापलेला असतो, त्याच्यापुढे एन किंवा न्यूटन असं असतं. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलोचा जोर. तोच आकडा घ्या.

आकडा उन्हाने पुसला गेला असेल, किंवा दाराला कॅरियर, दिवा, जादा जाळी बसवून वजन वाढवलं असेल, तर हिशोब करावा लागतो. दाराचं वजन किलोत घ्या, ९.८ ने गुणा. त्याला बिजागरीपासून दाराच्या वजनाच्या मध्यापर्यंतच्या अंतराने गुणा. मग बिजागरीपासून स्ट्रटच्या रेषेवर टाकलेल्या लंबाच्या अंतराने भागा आणि दोन स्ट्रट असतील तर दोनने. एक उदाहरण घेऊ. दार १८ किलोचं, वजनाचा मध्य ४० सेंटिमीटरवर, लंब २५ सेंटिमीटर. १८ गुणिले ९.८ म्हणजे साधारण १७६ न्यूटन. त्याला ४० ने गुणून २५ ने भागलं की २८२. दोघांत वाटले की प्रत्येकी १४१. त्यावर १५-२० टक्के जादा धरा, म्हणजे १६०-१७० न्यूटनच्या आसपासचा मिळेल तो घ्या. हे माप दार आडवं, म्हणजे जमिनीला समांतर असताना घ्यायचं, कारण वजनाची ओढ तेव्हाच सर्वात जास्त असते.

जरा जास्तीचाच घेतला तर काय बिघडलं?

बिघडतं. एका गिऱ्हाईकाने पुन्हा कधी दार पडायला नको म्हणून बाहेरून दुप्पट ताकदीचे आणून आमच्याकडून बसवून घेतले. आम्ही नको म्हटलं होतं, पण शेवटी बसवून दिले, आणि ती आमची चूक होती. पुढच्या उन्हाळ्यात ती कॅनॉपी परत आली. बोल्टांभोवती फायबरला चिरा पडल्या होत्या, दार मध्ये फुगलं होतं, कडेच्या रबरातून पाणी आत येत होतं. बंद दारावर हे स्ट्रट रात्रंदिवस ढकलत असतात, ही गोष्ट विसरली जाते. तेव्हापासून हिशोबाबाहेरचा स्ट्रट आम्ही बसवत नाही, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

दुकानात माप काय सांगायचं?

जुना स्ट्रट काढून पूर्ण ताणलेला असताना एका बॉलच्या मध्यापासून दुसऱ्या बॉलच्या मध्यापर्यंत मोजा. मग दांड्याचा उघडा भाग मोजा, तो जवळपास स्ट्रोक, म्हणजे दांड्याची आत-बाहेर होणारी चाल. दांड्याची आणि नळकांड्याची जाडी व्हर्नियरने पाहा. ६ आणि १५ किंवा ८ आणि १८ मिलिमीटर ही नेहमीची जोडी. बॉल १० चा की १३ चा हेही पाहा. शक्य असेल तर जुना नगच पिशवीत घालून दुकानात न्या.

घरी बदलता येतो का?

येतो. मात्र एकट्याने करू नका, आणि दुपारी तर नकोच. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि उघडं दार शिडासारखं धरतो. सकाळी, गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून.

सगळ्यात आधी दाराला टेकू. नुसतं माणसाने धरणं हा टेकू नव्हे. मनगटाएवढा बांबू योग्य लांबीचा कापून घ्या, वरच्या टोकाला पोत्याचा तुकडा गुंडाळा, खालचं टोक हौद्याच्या कोपऱ्यात अडकवा म्हणजे सरकणार नाही. दुसरा माणूस दाराला हात लावून उभा. टेकू लागेपर्यंत एकाही क्लिपला हात लावायचा नाही. दोन्ही स्ट्रट एकदम काढायचे नाहीत. एक बदलून झाला की दुसरा.

सॉकेटच्या मागे तारेची छोटी क्लिप दिसेल. चपट्या स्क्रूड्रायव्हरने ती थोडी उचला, पूर्ण उपटायची गरज नाही, आणि टोक बॉलवरून ओढून काढा. आपल्याकडे ही क्लिप गंजून बसलेली असते. तेव्हा गंज सोडवायचा स्प्रे क्लिपवर मारायला हरकत नाही, स्ट्रट तसाही जाणारच आहे. थोडा वेळ थांबा, ताकद लावू नका. बॉलचा बोल्ट झिजला असेल, त्यावर गंजाचे खड्डे पडले असतील, तर तोही बदला, नाहीतर नवं सॉकेट महिन्याभरात खडखडायला लागतं.

नवा स्ट्रट बॉलवर दाबला की टक असा आवाज येतो. आवाज आला नाही तर बसलेला नाही. टोक जुळत नसेल तर स्ट्रट दाबायच्या भानगडीत पडू नका, तो हाताने दबणार नाही. दार बोटभर वर उचला. आणि दांडा पकडीत किंवा व्हाइसमध्ये कधीही धरू नका. पकडीच्या दातांचा एक ओरखडा म्हणजे नवा स्ट्रट पहिल्याच दिवशी जुना.

झाल्यावर बांबू काढा, दार अगदी सावकाश मिटा, स्ट्रट कुठे घासत नाही ना ते पाहा. दार पूर्ण बंद झाल्यावरही दांड्याची ५ ते १० मिलिमीटर चाल शिल्लक राहिली पाहिजे. स्ट्रट तळाला टेकत असेल तर माप चुकलं आहे.

दांडा वर की खाली?

दार बंद असताना दांडा खाली, नळकांडं वर. मग आतलं तेल खाली सीलवर येऊन बसतं. उलटा बसवला तरी दार उघडतं, म्हणून चूक कळत नाही, पण सील कोरडं पडतं आणि शेवटच्या टप्प्यात दार धाडकन वर आदळतं. सुटा स्ट्रट घरात ठेवतानाही दांडा खालीच.

गॅस परत भरून मिळतो असं ऐकलं. स्वस्तात होईल?

साधा स्ट्रट कारखान्यात बंद होतो, त्याला भरायची वाट नसते. भोक पाडून व्हॉल्व वेल्ड करून भरणं धोक्याचं आहे, आणि सील फाटलेलंच असल्याने तो गॅसही जातो. काही स्ट्रटना बारीक व्हॉल्व असतो, पण तो गॅस थोडा सोडून ताकद कमी करण्यासाठी. जादा सुटला तर घरी परत भरता येत नाही.

स्टेनलेसचे घ्यावेत का?

मासळीच्या किंवा फेरीबोटीवरच्या गाडीला, आमच्या मते, हो. आंब्याच्या हंगामापुरत्या फिरणाऱ्या गाडीला साधे नीट पुसून पुरतात. घेताना ग्रेड विचारा. ३०४ खाऱ्या हवेत डाग धरतं, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त टिकतं. बॉलचे बोल्टही स्टेनलेसचेच घ्या. साध्या लोखंडाचा बोल्ट स्टेनलेसला चिकटून खाऱ्या ओलीत राहिला की बोल्ट आधी खाल्ला जातो. आणि स्टेनलेस आहे म्हणून पुसणं सोडू नका.

फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या खाली पडणाऱ्या झडपेला बसवतात तोही हाच का?

दिसायला तसाच, काम वेगळं. त्याला डँपर म्हणतात. फाळका धाडकन पडू नये म्हणून तो सावकाश खाली सोडतो, भार पेलत नाही. भार दोन्ही बाजूंच्या साखळ्या, पट्ट्या किंवा वायर पेलतात. फाळक्यावर उभं राहून पेट्या भरता ना? मग साखळीची गंजलेली कडी आधी बदला, डँपर नंतर.

बॉनेटला दांडी आहे, तिथे स्ट्रट बसवू?

सोयीचं आहे, अत्यावश्यक नाही. बसवलेच तर मूळची दांडी काढून टाकू नका. इंजिनच्या उष्णतेने तिथले स्ट्रट लवकर थकतात, त्या दिवशी दांडी उपयोगी येते.

वाटेतच गेला, गाडी भरलेली आहे. आता?

गाडीत तो बांबू कायमचा ठेवा. नसेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून ताणलेल्या दांड्यावर चढवा. पाइप आतून नळकांड्यापेक्षा अरुंद हवा, म्हणजे वर टेकून राहतो. माल उतरला की काढून ठेवा, पाइपखाली खारं पाणी साचतं. दांड्याला लॉकिंग पकड लावणारे बरेच दिसतात. दार राहतं, पण दांडा कायमचा ओरबाडला जातो.

काढलेले जुने स्ट्रट कुठे टाकायचे?

दार पेलत नाही म्हणजे आतला दाब संपला असं नाही. होळीत, कचऱ्याच्या आगीत किंवा भट्टीत तर मुळीच नाही. मुलांच्या हाती खेळायलाही देऊ नका. ज्या गॅरेजात बदलले तिथेच परत द्या. भंगारवाल्याकडे देणार असाल तर आत दाब आहे हे तोंडाने सांगा आणि नळकांड्यावर खडूने मोठं लिहा: "दाब आहे, कापू नये."